आरएमसी प्लांटचा सीएसआर निधी आणि मागितलेले आभारपत्र

सचिव_चेंबूर

नमस्कार. चेंबूर आणि गोवंडीच्या सीमेवरील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मी सचिव आहे. संस्थेच्या मागील कुंपणापासून दीड-दोनशे पावलांवर गेल्या डिसेंबरात तयार काँक्रीट बनविण्याचा कारखाना, म्हणजे ज्याला सर्वजण आरएमसी प्लांट म्हणतात तो, सुरू झाला. तेव्हापासून मागच्या बाजूच्या सदनिकांच्या खिडक्या दिवसा उघडता येत नाहीत, वाळत घातलेल्या कपड्यांवर राखाडी थर बसतो आणि रात्री साडेअकरा-बारापर्यंत मिक्सर गाड्यांची ये-जा चालू असते. तिसऱ्या मजल्यावरील एका आजींचा दमा बळावला आहे. तो याच धुळीने बळावला हे सिद्ध करणे आमच्या हाती नाही, पण त्यांच्या घरच्यांच्या मनात त्याविषयी शंका उरलेली नाही.

आम्ही दोनदा तोंडी आणि एकदा लेखी तक्रार प्लांटच्या व्यवस्थापकांकडे केली. त्यानंतर गेल्या आठवड्यात कंपनीचे एक अधिकारी संस्थेच्या कार्यालयात आले. त्यांनी स्वतःची ओळख सीएसआर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या कामांचे, प्रमुख अशी करून दिली आणि अतिशय अदबीने एक छापील प्रस्ताव पुढे ठेवला. त्यानुसार कंपनी आपल्या सीएसआर निधीतून प्लांटभोवती उंच पत्रे लावणार आहे व पाणी फवारण्याची यंत्रणा बसविणार आहे, आमच्या गच्चीवर सौर पॅनेल घालून देणार आहे, शेजारच्या महापालिका शाळेला बाके देणार आहे आणि रहिवाशांसाठी छातीच्या तपासणीचे शिबिर भरविणार आहे. बदल्यात त्यांना संस्थेच्या लेटरहेडवर एक आभारपत्र हवे आहे. त्याचा मसुदाही तेच घेऊन आले होते आणि त्यात 'सदर प्रकल्पापासून रहिवाशांना कोणताही उपद्रव होत नाही' असे एक वाक्य मधोमध बसविलेले आहे.

कार्यकारी समितीत यावरून दोन तट पडले आहेत. खजिनदारांचे म्हणणे असे की प्लांट आपल्या तक्रारीने हलणार नाही, तेव्हा जे पदरात पडते ते घ्यावे. गच्चीवरील सौर पॅनेलमुळे सामाईक विजेचे बिल तरी कमी होईल. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की हे पत्र दिले की आपले तोंड कायमचे बंद झाले. मला स्वतःला कायद्याचे फारसे ज्ञान नाही, म्हणून विचारतो: कंपन्यांची ही सामाजिक जबाबदारी कायद्याने बंधनकारक आहे की ऐच्छिक? तिच्यातून केलेल्या कामांनी प्रदूषणाची जबाबदारी कमी होते का? आणि आभारपत्र दिल्यास पुढे तक्रार करण्याचा आमचा हक्क जातो का?

---

गिरगावची_सीएस

सचिवसाहेब, त्या प्रस्तावातील पहिली बाबच चुकीच्या खिशातून दिली जात आहे. मी व्यवसायाने कंपनी सेक्रेटरी आहे आणि सीएसआरचे अहवाल तयार करणे हा माझ्या कामाचा नित्याचा भाग आहे, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहिते.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार, लगतच्या मागील आर्थिक वर्षात ज्या कंपनीचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) ५०० कोटी रुपये किंवा अधिक, अथवा उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा अधिक, अथवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा अधिक असेल, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. सुरुवातीची काही वर्षे खर्च न केल्यास संचालक मंडळाच्या अहवालात कारण नमूद करून सुटका करून घेता येत असे. २२ जानेवारी २०२१ पासून ती पळवाट बंद झाली. आता न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत कायद्याच्या सातव्या अनुसूचीतील एखाद्या निधीत भरावी लागते, आणि काम अनेक वर्षे चालणारे असेल तर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवून तीन वर्षांत संपवावी लागते. चुकल्यास कंपनीला भरावयाच्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी रुपये, यांपैकी जे कमी असेल तितका दंड होतो. म्हणजे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपनीला हे बंधनकारक आहे, आणि त्याहून लहान कंपनीने 'सीएसआर' हा शब्द वापरला तर ती केवळ देणगी असते. आपल्या शेजारची कंपनी या कलमाखाली येते की नाही, हे आधी तिच्या वार्षिक अहवालात पाहावे. कलमाखाली येणाऱ्या आणि स्वतःचे संकेतस्थळ असलेल्या कंपनीला सीएसआर समितीची रचना, धोरण आणि मंजूर प्रकल्प त्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे लागतात.

आता मुख्य मुद्दा. सीएसआरच्या नियमांत सीएसआर म्हणजे काय हे जसे सांगितले आहे, तसे काय नव्हे हेही सांगितले आहे. कंपनीने आपल्या नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात केलेली कामे त्यात धरता येत नाहीत, केवळ कर्मचाऱ्यांच्या फायद्याची कामे धरता येत नाहीत, आणि भारतात लागू असलेल्या अन्य कोणत्याही कायद्याखालील बंधन पार पाडण्यासाठी केलेली कामेही धरता येत नाहीत. धूळ कुंपणाबाहेर जाऊ न देणे हे त्या प्लांटचे प्रदूषणविषयक कायद्यांखालील कर्तव्य आहे. त्यासाठी लावलेले पत्रे आणि फवारे हा धंद्याचा खर्च होय. तो सीएसआरमध्ये दाखविणे म्हणजे जे देणे लागत होतो तेच दान म्हणून नोंदविणे. शिवाय, कदाचित त्या अधिकाऱ्यांच्या लक्षात आले नसेल, पण पत्रे आणि फवारणी 'लावून देऊ' असे छापून देताना त्यांनी ती आज तेथे नाहीत हेही छापून दिले आहे. तो प्रस्ताव फाइलमध्ये जपून ठेवा.

शाळेची बाके आणि तपासणी शिबिर हे सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआरमध्ये धरता येणाऱ्या कामांच्या यादीत, शिक्षण आणि आरोग्य या सदरांखाली बसू शकते. कलम १३५ मध्ये कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही म्हटले आहे, त्यामुळे ही दोन कामे त्यांनी खुशाल करावीत. सौर पॅनेलविषयी मला शंका आहे. सीएसआरचे काम कंपनीने स्वतः करावे किंवा आयकर कायद्याखाली नोंदलेल्या आणि मंत्रालयाकडे सीएसआरसाठी नोंदणी केलेल्या धर्मादाय संस्थेमार्फत करावे, असे नियम सांगतात. सहकारी गृहनिर्माण संस्था त्या वर्गात मोडत नाही. खाजगी सदनिकाधारकांचे वीजबिल कमी करणे हे सामाजिक काम कसे, हा प्रश्न उद्या त्यांच्या लेखापरीक्षकालाही पडेल.

कायद्यात आणखी एक वाक्य आहे, ज्याची फारशी चर्चा होत नाही. कलम १६६ च्या पोटकलम २ मध्ये संचालकाने सद्भावनेने वागून कंपनी, कर्मचारी, भागधारक, समाज यांचे हित आणि पर्यावरणाचे रक्षण पाहावे, असे कर्तव्य घातले आहे. वाचायला ते सुंदर आहे. मात्र रहिवाशाने हे कलम हातात घेऊन थेट संचालकाला जाब विचारावा असा सोपा मार्ग त्याच्या शेजारी लिहिलेला नाही, म्हणून मी आपल्याला त्याच्या भरवशावर राहण्याचा सल्ला देणार नाही. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आणि बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० मध्ये असेल, तर शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२२-२३ पासून सक्तीचा केलेला व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल तिला द्यावा लागतो. त्यात आसपासच्या लोकवस्तीकडून आलेल्या तक्रारींची संख्या द्यावी लागते. आपली लेखी तक्रार तेथे मोजली गेली आहे का, हे पाहणे मोठे उद्बोधक ठरेल.

मुंबईला व्यापाऱ्यांच्या दानाची सवय जुनी आहे. माहीमचा कॉजवे १८४५ मध्ये खुला झाला तो लेडी जमशेटजी यांनी दिलेल्या १,५७,००० रुपयांमुळे, आणि त्या पुलावर टोल घेऊ नये अशी त्यांची अट होती. त्या घराण्याच्या संपत्तीचा मोठा भाग चीनशी होणाऱ्या कापूस आणि अफूच्या व्यापारातून आला होता, हेही इतिहासात नोंदलेले आहे. पूल चांगलाच झाला, पण त्यामुळे अफूचा हिशेब कोणी बदललेला नाही.

आभारपत्राविषयी: शाळेला बाके मिळाली तर शाळेने आभार मानावेत. 'उपद्रव होत नाही' हे वाक्य आपण लिहू नये, कारण ते खरे नाही. अशा पत्राने रहिवाशांचा कायदेशीर हक्क नष्ट होत नाही, परंतु उद्या सुनावणीत ते पत्र आपल्यासमोर ठेवले जाईल आणि सचिव म्हणून त्यावर सही आपली असेल.

---

भट्टीवाला

वरील प्रतिसाद उत्तम आहे, तरी मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. आमची तीन पिढ्यांची बेकरी आहे. पाव, ब्रून, खारी. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी शहरातील लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. त्यानंतर महापालिकेच्या नोटिसा आल्या आणि ८ जुलैची मुदत आमच्या डोक्यावर बसली. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. आमच्या भट्टीत केवळ जळाऊ लाकूड जात होते असेही नाही. स्वस्त पडते म्हणून भंगारातील रंग लावलेले फर्निचर आणि प्लायवूड आम्ही अनेक वर्षे जाळले आणि त्याचा धूर वरच्या माळ्यावरील लोकांनी गिळला. त्यांनी कधी लेखी तक्रार केली नाही, कारण त्यांची मुले आमच्याकडेच कामाला होती.

माझा मुद्दा असा आहे की आम्हाला कोणतेही कलम १३५ लागू नाही, तरी आमच्यावर जबाबदारी आलीच, आणि ती काही महिन्यांच्या मुदतीत आली. भट्टी मोडून नवीन ओव्हन घेण्यासाठी मी दुकानावर कर्ज काढले. पावाच्या लादीचा भाव वाढविताना गिऱ्हाईकाला काय सांगायचे, हे मला अजूनही नीट जमलेले नाही. मोठ्या कंपनीला मात्र सीएसआर प्रमुख ठेवता येतो, प्रस्ताव छापता येतो आणि मुदतींवर मुदती घेता येतात. येथे सर्वजण 'व्यवसायांची जबाबदारी' हा एकच शब्द वापरत आहेत, पण तो शब्द पावाच्या भट्टीवर आणि मोठ्या प्लांटवर सारख्या वजनाने पडत नाही.

आणखी एक गोष्ट, राग मानू नये. आमच्या गल्लीत सध्या तीन इमारतींचा पुनर्विकास चालू आहे आणि त्या तिन्हींना लागणारे काँक्रीट अशाच कुठल्यातरी प्लांटमधून रात्री येते, कारण दिवसा जड वाहनांना रस्त्यावर बंदी असते. आपल्या संस्थेचा पुनर्विकास होईल तेव्हा तुम्हालाही ते लागेल. प्लांट शहराबाहेर गेला की काँक्रीटला गाडीत जास्त वेळ लागतो आणि ते घट्ट होऊ लागते. तेव्हा प्लांट हटवा असे म्हणण्याऐवजी तो नीट चालवा असे म्हणावे, असे माझे मत आहे. तेथील चालक आणि मजूर याच प्लांटवर जेवतात आणि त्यांच्या नाकातोंडात आपल्यापेक्षा जास्त सिमेंट जाते. त्यांचा उल्लेख आतापर्यंत कोणी केला नाही.

---

संमतीपत्र_वाचक

भट्टीवाला यांच्या शेवटच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि 'नीट चालवा' म्हणजे नेमके काय, तेवढेच सांगतो. कारखान्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून संमती मिळवून देण्याचा सल्लागार म्हणून मी अनेक वर्षे काम केले. म्हणजे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होतो, हे आधीच कबूल करतो.

जल प्रदूषण कायदा, १९७४ आणि वायू प्रदूषण कायदा, १९८१ यांच्याखाली अशा प्रकल्पाला दोन संमती घ्याव्या लागतात: उभारणीपूर्वी स्थापनेची संमती आणि सुरू करण्यापूर्वी चालविण्याची संमती. दुसरीला मुदत घातलेली असेल तर तिचे नूतनीकरण करावे लागते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मुख्यालय शीव येथे आहे. संमतीपत्र मंडळाच्या संकेतस्थळावर शोधावे. तेथे सापडले नाही तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करावा, म्हणजे ३० दिवसांत उत्तर देणे मंडळाला बंधनकारक आहे. आपण सांगितलेले आभारपत्राचे वाक्य वाचताच मला वाटले की नूतनीकरणाची तारीख जवळ आली असावी, किंवा कोणाची तरी तक्रार मंडळाकडे आधीच पोहोचली असावी. रहिवाशांचे 'उपद्रव नाही' असे पत्र अशा वेळी फाइलमध्ये फार उपयोगी पडते. मी स्वतः अशी पत्रे मिळवलेली आहेत.

संमतीपत्रात उत्पादनाचे कमाल प्रमाण दिलेले असते. सिमेंट आणि फ्लाय अ‍ॅशच्या सायलोवर, म्हणजे उंच साठवण टाकीवर, धूळ पकडणारी यंत्रणा, कच्च्या मालावर आच्छादन, रस्त्यावर पाणी, बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाके धुण्याची सोय, धुतलेल्या पाण्याचा निचरा, झाडांचा पट्टा अशा अटी असतात. बहुतेक वेळा मंडळ बँक हमीही घेते आणि अट मोडल्यास ती जप्त करू शकते. लोकांना दंडापेक्षा प्लांट बंद होण्यात अधिक रस असतो, परंतु माझ्या अनुभवात मालकाला सर्वांत जास्त टोचते ती ही हमी, कारण ती बँकेत आधीच अडकलेली असते आणि जप्तीला फारशी वादावादी लागत नाही.

तक्रार 'धूळ फार येते' अशी लिहू नये. संमतीपत्रातील अटीचा क्रमांक, दिनांक, वेळ आणि छायाचित्र असे लिहावे: अमुक दिवशी सायंकाळी ५ वाजून १० मिनिटांनी सायलो भरताना माथ्यावरून पांढरी धूळ बाहेर पडत होती, अट क्रमांक अमुकचा भंग. सायलो भरणारा बल्कर टँकर आला की धूळ पकडणारे फिल्टर तुंबलेले असतील तर ती लगेच वरून उडते. ही वेळ टिपायला गच्चीवरून सोपे जाते. हवेचे मोजमाप मंडळाकडून करून घ्यावे. राष्ट्रीय मानकांनुसार हवेतील बारीक धुळीचे, म्हणजे पीएम १० चे, प्रमाण २४ तासांच्या सरासरीत घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि त्याहून बारीक अशा पीएम २.५ चे ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. घरात ठेवलेल्या स्वस्त यंत्राचे आकडे पुरावा म्हणून टिकत नाहीत, पण कोणत्या वेळी मंडळाच्या लोकांना बोलवावे हे त्यावरून कळते, आणि ते कमी महत्त्वाचे नाही. वाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंना मोजण्याचा आग्रह धरा, अन्यथा 'मुंबईची हवाच खराब आहे' हे उत्तर तयार असते.

आवाजाचे नियम वेगळे आहेत. २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. प्लांटचा भूखंड औद्योगिक पट्ट्यात असेल तर तेथे ७५ आणि ७० लागू होतात, आणि मग आपल्या कुंपणावर कोणती मर्यादा धरायची यावर वाद घातला जातो. विकास आराखड्यात दोन्ही भूखंड कोणत्या क्षेत्रात आहेत ते आधीच पाहून ठेवा.

पत्र्यांच्या उंचीविषयी येथे एक गल्लत होऊ शकते. महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये धुळीविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात एक एकरापेक्षा मोठ्या जागेला ३५ फूट आणि लहान जागेला २५ फूट उंच पत्रे सांगितले आहेत, पण ते बांधकामाच्या जागांसाठी आहेत. प्लांटसाठी संमतीपत्रात काय लिहिले आहे तेच पाहावे. उगाच ३५ फुटांचा आग्रह धरून पहिल्याच बैठकीत चूक ठरू नये.

मंडळाला वायू कायद्याच्या कलम ३१-अ खाली प्लांट बंद करण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे आदेश देता येतात. शिवाय ४ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रदूषण मंडळे जल कायद्याच्या ३३-अ आणि वायू कायद्याच्या ३१-अ या कलमांखाली पर्यावरणाच्या नुकसानीची भरपाईही वसूल करू शकतात, आणि त्यासाठी फौजदारी खटल्याची वाट पाहावी लागत नाही. उलट बाजूही सांगतो. पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ मधील पाच वर्षांपर्यंतची कैद जनविश्वास कायदा, २०२३ ने काढून टाकली आणि १ एप्रिल २०२४ पासून तेथे १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. काहींच्या मते कैदेची भीती गेली. माझ्या पाहण्यात ती कैद कोणालाच झालेली नव्हती, त्यामुळे मला त्याचे फारसे दुःख नाही.

---

सचिव_चेंबूर

सर्वांचे आभार. भट्टीवाला यांनी मजुरांचा मुद्दा काढला तो मला लागला. आम्ही तीन महिने फक्त आमच्या खिडक्यांविषयी बोलत होतो. एक शंका आहे. समितीतील काहीजण म्हणतात की आणखी वर्षभर गोडीगुलाबीने प्रयत्न करावा आणि नाहीच जमले तर पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात जावे. घाई करण्याचे कारण आहे का?

---

खाडीकाठचा

आहे. मी माहुलच्या बाजूचा आहे, म्हणून वेळेविषयी बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असे समजतो.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० च्या कलम १४ खाली अर्ज करायचा तर वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. पुरेसे कारण दाखविल्यास आणखी ६० दिवस मिळतात, त्यापुढे नाही. 'प्रथम' हा शब्द नीट वाचावा, कारण समोरचा वकील तोच वाचून दाखवतो. आपला प्लांट डिसेंबरात सुरू झाला असेल तर वर्षभराच्या गोडीगुलाबीत ही मुदत निघून जाईल. नुकसानभरपाई आणि परिसर पूर्ववत करणे यांसाठी कलम १५ खाली पाच वर्षे मिळतात, पण प्लांटच्या चालण्यावर बंधने घालून घेणे हा आपला हेतू असेल तर सहा महिन्यांचाच हिशेब धरावा. अर्जाला वकील असलेला बरा, तरी खर्चाला घाबरण्याचे कारण नाही: भरपाई मागितली नसेल तर न्यायाधिकरणाचे शुल्क १,००० रुपये आहे.

माहुल आणि आंबापाडा येथील रहिवाशांनी २०१४ मध्ये पुण्याच्या खंडपीठाकडे धाव घेतली. आमच्याकडे तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायने साठविण्याच्या टाक्या आहेत. टाक्या भरताना आणि रिकाम्या करताना जी वाफ हवेत जाते, तिच्या वासाने आमच्याकडे मुले डोळे चोळत शाळेत जात असत. वर गिरगावच्या ताईंनी ज्याला चुकीचा खिसा म्हटले आहे, तसे खिसे आमच्याकडेही भरपूर उघडले गेले: वह्यावाटप, क्रिकेटचे सामने, देवळाला रंग. कोणी नाकारले नाही आणि मीही त्यात होतो. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने येथील हवेने रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले, आणि ऑगस्ट २०२० मध्ये दोन सरकारी तेल कंपन्यांसह चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई बसविली. सर्वांत मोठा वाटा, १४२ कोटींचा, एका खाजगी साठवणूक कंपनीचा होता. अर्जापासून या आकड्यापर्यंत सहा वर्षे गेली. त्यानंतरही न्यायाधिकरणाच्या आदेशावर ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते, हे आपण समितीत आधीच सांगून ठेवा, म्हणजे नंतर निराशा होणार नाही.

यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे. त्या प्रकरणात कोणत्याही कंपनीने सीएसआरवर किती खर्च केला हा बचाव निर्णायक ठरला नाही आणि ठरूही शकत नव्हता, कारण न्यायाधिकरणाच्या कायद्यातील कलम २० त्याला 'प्रदूषण करणाऱ्याने भरावे' हे तत्त्व लावण्यास सांगते. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राजस्थानातील बिछडी गावाच्या प्रकरणात, जेथे रासायनिक कारखान्यांच्या गाळाने विहिरींचे पाणी लाल-तपकिरी झाले होते, ठामपणे लावले. त्याच्या दहा वर्षे आधी, डिसेंबर १९८६ मध्ये, दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले होते की धोकादायक उद्योग चालविणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे. काळजी घेतली होती हे कारण तेथे चालणार नाही, आणि भरपाई ठरविताना कंपनी किती मोठी व सधन आहे हेही पाहिले जाईल. भोपाळ घडून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. काँक्रीटचा प्लांट हा त्या अर्थाने धोकादायक उद्योग ठरेल का, याविषयी मी काही सांगणार नाही. प्रदूषण करणाऱ्याने भरावे हे तत्त्व मात्र त्याला लागूच आहे.

भट्टीवाला यांना एक सांगायचे आहे. मोठ्यांना मुदती मिळतात हे खरे आहे. पण त्यांना त्या मिळतात त्याचे एक कारण असे की त्यांच्याविरुद्धची तक्रार उशिरा, तोंडी आणि आभारपत्रांच्या ढिगाखाली दबून पोहोचते. मला हे माहुलमध्ये शिकायला फार वेळ लागला.

---

सचिव_चेंबूर

कळविण्यास उशीर झाला. रविवारी विशेष सर्वसाधारण सभा झाली. आभारपत्र देऊ नये असा ठराव बहुमताने झाला. खजिनदारांनी विरोधात मत दिले आणि इतिवृत्तात तशी नोंद करवून घेतली. सौर पॅनेल नाकारले. शाळेच्या बाकांविषयी मुख्याध्यापकांनी स्वतंत्रपणे ठरवावे असे त्यांना कळविले आहे. तपासणी शिबिराविषयी बरीच चर्चा झाली, आणि शेवटी आम्ही कंपनीला लिहिले की शिबिर भरवायचे असेल तर ते प्रथम प्लांटमधील चालक आणि मजुरांसाठी भरवावे व त्यांचे अहवाल त्यांच्या हाती द्यावेत. या पत्राला अद्याप उत्तर आलेले नाही.

संमतीपत्र मंडळाच्या संकेतस्थळावर सापडले. त्यात मंजूर केलेले उत्पादन आणि आमच्या पहारेकऱ्याने सलग सात दिवस वहीत लिहिलेल्या मिक्सर गाड्यांची संख्या यांचा मेळ बसत नाही. एका गाडीत साधारण सहा घनमीटर काँक्रीट धरले तरी दिवसाचा आकडा मंजुरीपेक्षा बराच पुढे जातो. हे तक्रारीत लिहावे का, की आमचा हिशेब कच्चा समजला जाईल?

---

संमतीपत्र_वाचक

अवश्य लिहावे, पण निष्कर्ष म्हणून नव्हे, तर नोंद म्हणून. वहीतील पानांच्या छायाप्रती जोडा, पहारेकऱ्याची सही घ्या, गाड्यांचे क्रमांक असतील तर तेही द्या, आणि मंडळाला विनंती करा की त्यांनी प्लांटमधील बॅचिंग संगणकाची त्याच सात दिवसांची नोंद तपासावी. त्या यंत्रात प्रत्येक घाणाची वेळ आणि वजन आपोआप नोंदले जाते. पहारेकऱ्याला सांगा की रात्री १० नंतरच्या गाड्या वेगळ्या शाईने लिही.

संमतीपत्राच्या शेवटच्या पानांवर बँक हमीचा तक्ता असेल. त्यात हमीची रक्कम आणि ती कोणत्या अटीसाठी घेतली आहे हे दिलेले असते. ती पाने येथे टाकल्यास पाहून सांगतो.